मागची कांच

मोटारीसंबंधानें आपल्याकडे जें कांहीं बोललें जातें तें बहुधा तिच्या पुढल्या अर्ध्या भागाविषयीं असतें. इंजिन कसें आहे, दिवे किती प्रखर आहेत, चढावर दम लागतो कीं काय, एवढें विचारलें म्हणजे गाडीची सर्व चौकशी झाली असें मानण्याची वहिवाट आहे. मागच्या कांचेविषयीं कोणी विचारीत नाहीं. आम्हींही चाळीस वर्षांत विचारलें नव्हतें. त्या कांचेशीं आमचा खरा परिचय झाला तो एका अपघातामुळें. किंबहुना, होतां होतां चुकलेल्या अनर्थामुळें. ती हकीकत व तिच्यापायीं आम्हीं केलेली एक लहानशी खटपट वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. तींत पांडित्य कांहीं नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं एखादी जुनी वस्तु अद्याप चालती आहे, त्यांस तींत थोडेंबहुत आपलेंही दिसेल अशी आशा आहे.

आमचें बिऱ्हाड घोडेगांवास. आंबेगांव तालुक्याचें हें मुख्य ठिकाण; ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें, तें मूळ गांव आतां डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहे. आमच्या वडिलांनीं येथें डॉक्टरी केली. पश्चिमेस भीमाशंकरच्या वाटेवर डोंगरांत जीं गांवें आहेत, तेथून रात्रीं-अपरात्रीं बोलावणें येई, आणि मोटारसायकलीवरून रोग्यास आणतां येत नसे. म्हणून १९७९ सालीं त्यांनीं प्रीमिअर पद्मिनी घेतली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट ११०० या गाडीचा जो अवतार १९६४ पासून तयार होऊं लागला, त्यासच दहा वर्षांनीं पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रूपानें ती साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक होती. त्यांपैकीं अखेरची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हां वर्तमानपत्रांत तिच्यावर मृत्युलेख आले. आमची मात्र निवृत्त झालेली नाहीं. तिच्या मागच्या बांकावर निदान तीन मुलें तरी जन्मास आलीं आहेत, असें वडील सांगतात. आणि त्यांची वयाची नव्वदी उलटली असली तरी या आंकड्यांत आजवर कधीं फरक पडलेला नाहीं.

आतां या भागांतील थंडीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पुण्या-मुंबईकडील मंडळी जुन्नर-आंबेगांवाकडे येतात तीं पावसाळ्यांत. शिवनेरी, नाणेघाट, माळशेज पाहून परत जातात. मार्गशीर्ष-पौषांतील पहाट त्यांच्या वाट्यास क्वचितच येते. घोड, मीना आणि कुकडी या नद्यांच्या कांठीं धरणांच्या पाण्यावर उंस फोफावला आहे. त्या ओल्या जमिनीवरून उठलेलें धुकें रस्त्यावर असें बसतें कीं, उंसानें भरलेली ट्रॉली दहा हातांवर येईतों दिसत नाहीं. कांचांवर बाहेरून दंव, आंतून श्वासाची वाफ. शिवाय अलीकडे या उंसांत बिबट्याचा वावर इतका वाढला आहे कीं, अंधारांत रस्त्याकडेस गाडी थांबवून खालीं उतरावें आणि सावकाश कांच पुसावी, हा सल्ला देणें सोपें असलें तरी पाळणें सोपें नाहीं.

असो. गेल्या पौषांत पुण्यास एका आप्ताच्या घरचें लग्न होतें व मुहूर्त सकाळचा होता. आम्ही पहाटेस निघालों. वडील पुढें आमच्या शेजारीं, घरांतील मंडळी मागें, मांडीवर आहेराच्या पिशव्या. थंडीमुळें सर्व खिडक्या बंद. पुढची कांच आम्हीं तळहातानें पुसली. मागची पांढरीफटक झालेली आरशांत दिसत होती. ती पुसावयाची म्हणजे मागच्या मंडळींस उठवावें लागणार, पिशव्या हालवाव्या लागणार. आमच्या अंगणांतून बोळांत उतरावयाचें तें उलट्या गतीनेंच. चाळीस वर्षांचा तो सराव. डोळे मिटूनही जमेल असें वाटे, आणि त्या दिवशीं आम्हीं वस्तुतः तेंच केलें.

मागें एक बोदा आवाज झाला. उतरून पाहतों तों सायकल आडवी, तिचें मागचें चाक वांकलेलें, दुधाची एक किटली आमच्या चाकाखालीं चेपलेली, आणि बोळभर दूध पसरलेलें. दूध घालणारा पोरगा, वय फार तर बारा-तेरा, शेजारच्या ओट्यावर उभा. त्यानें वेळेवर उडी टाकली होती. "काय नाय लागलं काका, काय नाय," असें तो दोन-तीनदां म्हणाला आणि मग एकाएकीं रडूं लागला. आपण वांचलों म्हणून नव्हे. दुधाचा हिशेब घरीं काय द्यावा म्हणून. तो हिशेब आम्हीं तेथेंच चुकता केला, सायकलीचेंही पाहिलें. परंतु त्या मुलाचा चेहरा लग्नाच्या मांडवांतही आमच्या डोळ्यांपुढून हालला नाहीं.

वडिलांनीं गाडींत बसून सर्व ऐकलें होतें. मंचर मागें पडेपर्यंत ते बोलले नाहींत. मग इतकेंच म्हणाले, "काच पुसायला वेळ नव्हता का रे?" या प्रश्नास उत्तर नव्हतें. परत आल्यावर दुसऱ्या दिवशीं त्यांनीं सांगितलें, "गाडी विकून टाक. मी चालवीत होतो तोंवर ठीक होतं." आम्हीं पंधरा दिवसांची मुदत मागितली. गाडीविषयींच्या ममतेनें मागितली कीं आपला अपराध एखाद्या यंत्राच्या गळ्यांत बांधावा म्हणून मागितली, हें आज निश्चयानें सांगतां येत नाहीं. बहुधा दोन्ही असावें.

थंड देशांतील गाड्यांत मागची कांच विजेनें तापविण्याची सोय १९७० च्या सुमारापासून रूढ होत गेली. आजकाल ती आपल्याकडील पुष्कळ नव्या गाड्यांतही असते. मागच्या कांचेवर ज्या बारीक तांबूस आडव्या रेषा दिसतात, त्या शोभेच्या नसून तापण्याच्या असतात. कांच घडवितांना तीवर रुप्याचा अंश असलेला लेप रेषांनीं छापून भाजून काढतात. आमच्या गाडीस अशी सोय नव्हती, आणि मुंबईच्या हवेंत वावरणाऱ्या गाडीस ती कां असावी? परंतु अशा रेषांचा, चिकटपट्टीवर बसविलेला संच मिळतो व तो साध्या कांचेस आंतून लावतां येतो, असें कळलें.

कांच तापवून साधतें काय, हें समजून घेण्याजोगें आहे. दहा अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत फार तर साडेनऊ ग्रॅम बाष्प मावतें. वीस अंशांवर सतरा मावतें. धुक्याच्या पहाटे बाहेरची हवा अगोदरच तुडुंब भरलेली असते. तीच हवा आंत घेऊन आम्ही चार माणसें खिडक्या लावून बसतों, आणि प्रत्येक जण श्वासावाटे व अंगावाटे तासाला तीस-चाळीस ग्रॅम पाणी तींत सोडतो. आमच्या गाडीच्या पोटांत हवा अडीच-तीन घनमीटर. तेव्हां हें पाणी जाणार कोठें? जी वस्तु सर्वांत थंड तीवर तें बसतें, आणि ती वस्तु म्हणजे कांच. फडक्यानें पुसली तर पांच मिनिटांत पुन्हां पांढरी होते, याचें कारण हेंच. उलट, कांच आंतल्या हवेच्या दंवबिंदूपेक्षां चारदोन अंशच उष्ण राखिली, तर तीवर पाणी मुळीं बसतच नाहीं. तिला कढत करण्याचें प्रयोजन नाहीं. भोंवतालाहून किंचित् उबदार राहिली म्हणजे झालें.

पुण्यास जुन्या मोटारींचा शौक करणारे एक स्नेही आहेत. त्यांस हा बेत सांगतांच ते म्हणाले, कारखान्यांतून निघाली तशी गाडी राखणें हाच धर्म. तिला परकी तार जोडणें म्हणजे जुन्या पोथीच्या समासांत शाईनें लिहिण्यासारखें आहे. हा आक्षेप आम्हांस बोचला. वडिलांस तो कळविला तेव्हां ते म्हणाले, "पोथी वाचणाऱ्यानं समासात लिहावं. ज्याला वाचायची नाही त्यानं बासनात ठेवावी." तथापि स्नेह्यांच्या म्हणण्यास मान देऊन आम्हीं एक नियम घालून घेतला: गाडीच्या पत्र्यास एकही नवें भोंक पाडावयाचें नाहीं, जें जोडावयाचें तें पूर्वींच्या भोंकांतून, पूर्वींच्या स्क्रूंस धरून. या नियमानें आमची पुढें चांगलीच फजिती केली, तें यथाक्रम येईल.

कामास आरंभ हिशेबापासून झाला. आमच्या गाडीस अल्टरनेटर नाहीं, जुना डायनामो आहे. इंजिन मंद चालत असतां त्याजकडून फारशी अपेक्षा करतां येत नाहीं. पुढचे दिवे लागले असतां त्याची बरीचशी शक्ति तेथेंच खर्च होते. म्हणून आम्हीं मोठ्या गाड्यांप्रमाणें बारा-पंधरा अँपिअर खाणारा संच न घेतां बेताचा घेतला. त्यांत दहा रेषा. प्रत्येकीचा रोध पंधरा ओहम. दहाही बाजूच्या दोन पट्ट्यांमध्यें समांतर जोडलेल्या, म्हणून एकंदर रोध दीड ओहम. बारा व्होल्टांस दीडनें भागिलें कीं आठ अँपिअर, म्हणजे शहाण्णव वॅट. ओहमनें १८२७ सालीं मांडलेला नियम शाळेंत पाठ केला होता. त्याचा घरगुती उपयोग साठीनंतर घडला.

आठ अँपिअर हा प्रवाह लहान दिसला तरी त्यास जाडजूड वाट लागते. बॅटरी पुढें, कांच मागें. तार दाराच्या उंबऱ्याखालून, गालिच्याच्या आडून नेली तर पांच मीटर भरते. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली असती, तर वाटेंतच पाऊण व्होल्ट नाहींसा झाला असता. अडीच चौरस मिलिमीटरची घेतल्यानें तो तोटा पाव व्होल्टावर आला. बॅटरीच्या अगदीं जवळ पंधरा अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घातला. कारण फ्यूज तारेच्या रक्षणासाठीं असतो, आणि फ्यूजच्या अलीकडे राहिलेल्या तारेस कोणाचेंच संरक्षण नसतें. एवढा प्रवाह लहानशा स्विचांतून नेणें बरें नव्हे, म्हणून मध्यें रिले बसविला. स्विचनें रिलेस केवळ खूण करावयाची. मोठा प्रवाह रिलेनें सोडावयाचा किंवा अडवावयाचा. ती खूणही चावी फिरविलेली असतांनाच पोंचावी अशी योजना केली. नाहींतर एखाद्या विसराळू दिवशीं आमची चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी पांच तासांत रिकामी झाली असती. स्विचजवळ एक लहान पिवळा दिवा लावला. परतीची तार मात्र निराळी ओढली नाहीं. मोटारींत परतीची वाट गाडीच्या पत्र्यांतूनच असते, त्यास कारागीर अर्थ म्हणतात. डिकींत मागच्या दिव्यांच्या अर्थाचा जुना स्क्रू होता, त्यासच आम्हीं आपल्या तारेचें टोंक बांधलें. नवें भोंक पाडावयाचें नव्हतें ना!

कांच स्पिरिटनें पुसून, उन्हांत कोमट करून रेषा चिकटविल्या, त्यांत एक रविवार गेला. वडील अंगणांत खुर्ची टाकून बसले होते. वीस वर्षांपूर्वीं शस्त्रक्रियेच्या वेळीं जितक्या शांतपणें हत्यारें मागत, तितक्याच शांतपणें आतां तीं आमच्या हातीं देत होते. संध्याकाळीं स्विच दाबला. पिवळा दिवा लागला, रिले टकटकला, आणि कांच थंडच राहिली. अगदीं थंड नव्हे. पंधरा-वीस मिनिटांनीं रेषांशेजारचा दंव किंचित् विरळ झाला, इतकेंच. दुसऱ्या पहाटेही तोच प्रकार. वडिलांनीं दिलेल्या मुदतीचे चार दिवस उरले होते.

तेव्हां जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवास, मोटारींच्या विजेचें काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. टोमॅटोच्या हंगामांत तेथें पिक-अपांची रीघ असते. त्या गर्दींतून त्यांनीं आमच्याकडे पाहण्यास दुपार झाली. त्यांनीं तार पाहिली, फ्यूज पाहिला, रिले पाहिला आणि म्हणाले, "सर, काम नीट केलंय. पर तुम्ही नुसती जाणारी वाट बघितली. येणारी कुठं बघितली?"

त्यांनीं मीटर लावला. इंजिन बंद, स्विच चालू. बॅटरीपाशीं बारा व्होल्ट. कांचेच्या दोन बाजूंमध्यें साडेसात. तारेंत गेलेले जेमतेम पाव. उरलेले सव्वाचार गेले कोठें? मीटरचें एक टोंक त्या अर्थाच्या स्क्रूखालच्या आमच्या तारेवर आणि दुसरें बॅटरीच्या ऋण टोंकावर ठेवतांच ते सव्वाचार तेथें सांपडले. तेथें वास्तविक शून्याच्या जवळ कांहीं दिसावयास हवें होतें. "हात लावा," मिस्त्री म्हणाले. स्क्रू चांगलाच तापला होता. जूलनें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा कीं, रोध जेथें असेल तेथें प्रवाहाची उष्णता होते. वीज आमचा हेतु विचारीत नाहीं. तिला कांचेपेक्षां गंजाचा सांधाही चालतो. साडेसात व्होल्टांवर कांचेस शहाण्णवाऐवजीं अवघे साडेसदतीस वॅट मिळत होते, आणि वीस-एक वॅट डिकीच्या अंधारांत गंज भाजण्यांत जात होते.

स्क्रू काढला. वरून तो चकचकीत दिसे. खालीं रंगाचा थर, त्याखालीं तपकिरी भुगा. मिस्त्रींनीं तो पॉलिश पेपरनें घांसला, पत्रा पांढरा स्वच्छ केला, दांतेरी वायसर घातला, वर व्हॅसलीन चोपडलें. आणि शिवाय एक काळी तार थेट बॅटरीपर्यंत नेली. मग सहज म्हणाले, "सर, ह्याच स्क्रूवर तुमचं मागचं लाइट हायेत. किती वर्सं मंद होतं, काय म्हाईत? तुम्हाला न्हाई दिसायचं. मागनं येणाऱ्याला इचारा."

या एका वाक्यानें आमचें सारें गणित उलटें झालें. आपणांस मागचें दिसत नाहीं, एवढ्याच चिंतेनें आम्हीं ही खटपट आरंभिली होती. मागच्यांस आपण दिसतों कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या स्वप्नींही आला नव्हता. किती हिवाळे मंचरच्या रस्त्यावर, धुक्यांत, मागून येणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांनीं आमचा तो विझत्या निखाऱ्यासारखा दिवा अखेरच्या क्षणीं पाहून ब्रेक दाबला असेल! त्यांतील एकानेंही आम्हांस कधीं बोल लावला नाहीं. आणि आम्ही मात्र अनेकदां, हा पाठीवर इतका चढून कां येतो, म्हणून आरशांत पाहून कपाळास आंठ्या घातल्या आहेत. त्या रात्रीं अंगणांत गाडी उभी करून मागचे दिवे लावले. वडिलांनीं बोळाच्या टोंकापर्यंत काठी टेंकीत जाऊन पाहिलें व परत येऊन सांगितलें, "इतका लाल मी कधी पाहिला नव्हता." विकण्याची गोष्ट त्यानंतर त्यांनीं काढली नाहीं, आम्हींही काढली नाहीं.

आतां कांचेवर साडेअकरा व्होल्ट पोंचतात. धुक्याच्या पहाटे स्विच दाबिला कीं प्रथम रेषांच्या कडेनें बारीक फटी उघडतात, त्या रुंदावतात, एकमेकींस मिळतात, आणि आठ-दहा मिनिटांत कांच मोकळी होते. एकदां मोकळी झाली कीं चार माणसें बोलत बसलीं तरी मोकळीच राहते, आणि हा फडक्यावरील तिचा खरा लाभ आहे. आरंभीं मात्र फडकें तिच्याहून लवकर काम करतें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. म्हणजे ज्या अर्ध्या मिनिटाची आम्हीं त्या दिवशीं कंजुषी केली, त्याच्या बदलीं आतां रोज दहा मिनिटें देतों. वेळ वांचविण्यासाठीं केलेल्या सोयीनें आम्हांस थांबावयास शिकविलें, हें तिचें उपकारच म्हणावयाचे.

दुसरेंही एक सांगणें उरतें. कांच कितीही स्वच्छ असली तरी तिच्या खालच्या कडेपेक्षां ठेंगणें जें कांहीं गाडीलगत असेल, तें तींतून दिसत नाहीं. लहान मूल दिसत नाहीं, बसलेलें कुत्रें दिसत नाहीं. म्हणून गाडी मागें घेण्यापूर्वीं एकानें खालीं उतरून तिच्यामागें उभें राहावयाचें, असा नियम आतां घरांत झाला आहे. हें काम वडिलांनीं आपल्याकडे घेतलें आहे. पहाटे कानटोपी घालून ते काठीसह बोळाच्या तोंडाशीं उभे राहतात. आम्ही आंत बसून कांच उघडण्याची वाट पाहतों. परवां त्या उघडत्या फटींतून प्रथम काठी दिसली, मग कानटोपी, आणि तिच्यापलीकडून दुधाच्या दोन किटल्या लावलेली एक सायकल. वडिलांनीं हात आडवा करून आम्हांस थांबविलें. पोरगा सायकलीवरून उतरला, त्यांच्याशीं कांहींतरी बोलला, आणि आमच्याकडे एकवार वळून पाहून, पायींच बोळ ओलांडून गेला.